आभाळातली मामा

साराची आई वारली आहे, ही बातमी साराच्या आईला सगळ्यात शेवटी कळली.

शहाण्णव सालच्या त्या सप्टेंबरात नेत्राच्या नवऱ्याने, सुशीलने, साराचं नाव जपानमधल्या कावासाकीतल्या एका बालवाडीत घातलं, आणि नेमकी त्याच आठवड्यात नेत्राला लांबच्या तोयोसुच्या कंपनीत सकाळी निघून रात्री परतायची नोकरी लागली. साराला सोडण्या-आणण्याचं काम शेजारच्या एर्मिनियाबाईंनी अंगावर घेतलं. नेत्राच्या जिवाला घोर. रोज दुपारच्या सुट्टीत ती बाईंना फोन करी. डबा संपवला का? रस्ता ओलांडताना हात घट्ट धरला होतात ना? आणि रोज ठरवी, सोमवारी राजीनामा देऊन टाकायचा.

"दे की," बाई मोडक्या इंग्रजीत म्हणत. "मग दिवसभर घरी बसून काय करशील? मलाच फोन?"

बाई चिलीच्या. तिकडच्या डोंगरावरच्या वेधशाळेत दुर्बिणीला डोळा लावणारी पहिली बाई. म्हातारपणी इंजिनियर मुलाकडे राहायला आलेल्या, आणि कचरा वेगवेगळा करायचा तिथला नियम न जुमानता बाटल्या जाळायच्या कचऱ्यात टाकून अख्ख्या इमारतीची बोलणी खाणाऱ्या.

"बाईमाणसाने रात्री डोंगरावर राहणं शोभत नाही, असं आमचा डायरेक्टर म्हणायचा," त्या सांगत. "तारे दिवसा दिसत नाहीत हे त्या गाढवाला कोण सांगणार? मग मी स्वयंपाकीण म्हणून वर गेले. सूप चुलीवर, मी दुर्बिणीवर. सूप रोज करपायचं. पण मंद होऊन पुन्हा उजळणारे इतके तारे मी धरून दिले, की झक मारत दुसरी स्वयंपाकीण नेमावी लागली त्यांना. पेपरात फोटो आला माझा. खाली छापलं होतं, 'डायरेक्टरसाहेबांच्या पत्नी'!"

महिनाअखेरीला बालवाडीत चंद्र बघायचा कार्यक्रम होता, आपल्या कोजागिरीसारखा. नेत्रा अर्धी रजा टाकून पहिल्यांदाच तिथे गेली, सोबत एर्मिनियाबाई. खिडकीशी तांदळाच्या गोळ्यांचा, दांगोंचा मनोरा रचला होता. शेजारी एका ताटलीत थोडे वेगळे काढलेले, त्यांवर पांढरी शेवंती, तिकडे गेलेल्या माणसासाठी ठेवतात तशी.

"मी साराची मामा," नेत्राने वाकून सांगितलं. जपानीत आईला मामा म्हणतात.

शिक्षिकेचा चेहरा पांढराफटक. तिने नेत्राकडे पाहिलं, मग खिडकीतून वर चंद्राकडे.

"पण सारा-चान म्हणते, मामा आभाळात आहे. रात्री येते, सकाळी निघून जाते."

नेत्राच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चांदोमामा दाखवत रोज रात्री तीच तर भरवायची! "अहो, तो चंद्र! आमच्यात चंद्र आईचा भाऊ असतो."

"चंद्र... आपला भाऊ?"

"हो. म्हणजे, सगळ्यांचाच."

शिक्षिकेने हळूच खुर्ची पुढे सरकवली. "बसा ना. दमला असाल."

नेत्रा बसली, आणि मग शिक्षिकेचं वाक्य तिने मनात पुन्हा म्हणून पाहिलं. रात्री येते, सकाळी निघून जाते. पोरगी नक्की कोणाबद्दल बोलत होती?

"मी उद्याच राजीनामा देते," ती पुटपुटली.

एर्मिनियाबाई शेवंती बाजूला सारून दिवंगत आईचे दांगो खात होत्या. "माझा मुलगा शाळेत सांगायचा, आई ताऱ्यांपाशी असते. तिथे माझ्या नावाने मेणबत्ती लावायचे."

"मग?"

"मग काय! मेलेल्या बाईला घरी कधी येणार म्हणून कोणी विचारत नाही. निवांत काम झालं."

"आणि मुलगा?"

बाईंनी तोंडातला घास सावकाश गिळला. "रागावला होता. अजून रागावतो. पण हल्ली बाटल्यांवरून."

इतक्यात सारा धावत आली. ताटलीतला उरलेला गोळा उचलून तिने नेत्राच्या तोंडाशी नेला. "मामा, आ कर."

"अगं, हा वरच्या मामासाठी आहे ना?"

"वरच्याला तोंडच नाहीये!" सारा वैतागून म्हणाली.

नेत्राने आ केला. तेवढ्यात शिक्षिका पुन्हा वाकली. म्हणाली, इथे प्रत्येक मुलाची डब्याची पिशवी आईने हाताने शिवायची असते. साराची परिस्थिती बघून बालवाडीने ते सोडून दिलं होतं. आता शुक्रवारपर्यंत जमेल का?

"निघालीस ना जिवंत?" एर्मिनियाबाई म्हणाल्या. "भोग आता."

सोमवारी सकाळी तोयोसुला जाणाऱ्या गाडीत नेत्रा मांडीवर पिशवी घेऊन टाके घालत होती. पिशवीवर पिवळा चांदोमामा हवा आणि त्याला तोंड हवं, असा साराचा हुकूम होता. उतरायची वेळ झाली तरी तोंड अर्धंच झालं होतं. उरलेलं दुपारच्या सुट्टीत पुरं करावं लागणार. बाईंना फोन करायचा वेळ त्यातच जाणार होता.