करवलीचा फोटो

"बाबा, नाक्यावरच्या बॅनरवर त्या हरवलेल्या मुलीला माझे डोळे लावलेत का तुम्ही?"

जाईने दप्तर स्टुलावर टाकलं आणि हसू दाबत दाराकडे पाहिलं. बाहेर पायरीवर हादिया आणि आणखी दोघी कान लावून उभ्या होत्या. शाळा सुटल्यावर नाक्यावर चौघींच्याही माना वर गेल्या होत्या. तू हरवलीस आणि आम्हाला पत्ताच नाही होय, असं म्हणत हादियाने पैज लावली होती, आत्ताच्या आत्ता बाबांना विचारून दाखव. नववीपर्यंत वर्गात तोंड न उघडणारी जाई यंदा वक्तृत्वात पहिली आल्यापासून कुणालाही काहीही विचारायची. बाबा तर घरचेच.

दिनानाथांचा माऊसवरचा हात थांबला.

"मैत्रिणींना घरी जायला सांग."

त्या आवाजात काय होतं कोण जाणे, पायरीवरची खुसखुस आपोआप विरली.

नेरूळच्या या लहानशा गाळ्यात दिनानाथ लोकांचे फोटो स्कॅन करून मोठे करत, खाली मजकूर बसवत आणि डिस्क महाप्याला पाठवत. तिथल्या मशीनवर बॅनर छापून यायचा. वाढदिवस, उद्घाटनं, पुढाऱ्यांचे नमस्कार. हरवलेल्या माणसाचा बॅनर त्यांनी पहिल्यांदाच केला होता.

त्यांनी स्क्रीनवर एक लग्नाचा फोटो उघडला. मधोमध नवरी, आणि तिच्या मागे हातात करा धरलेली करवली. करवलीचा चेहरा नखाएवढा. त्यातही कऱ्यातली आंब्याची पानं अर्ध्या तोंडावर आलेली.

"ही मालन. नावड्याची. दिवाळीत बाजाराला म्हणून गेली, ती परत आलीच नाही. पोलिसांत सांगून झालं. हा एवढाच फोटो आहे तिचा."

ते फोटो मोठा करत गेले. गाल पसरला, मग फुटला. नाकाच्या जागी तीन-चार तपकिरी चौकोन उरले. जाई आपसूक मागे सरकली. लांबून तरी काही दिसेल असं तिला वाटलं.

"एक डोळा पानाखाली. दुसरा हा," म्हणत त्यांनी एका काळपट चौकोनावर बोट ठेवलं. "स्कॅनरचं रिझोल्यूशन वाढवून पाहिलं, तर कागदाचे दाणेच मोठे व्हायला लागले. जे फोटोत नाहीच, ते मी कुठून आणू?"

जाईचा बक्षिसाच्या वेळचा फोटो मशीनमध्येच होता, शाळेसाठी मोठा करून ठेवलेला. मालनच्याच वयाची मुलगी, नुसती जागा भरायचीय, असं त्यांना वाटलं होतं. डोळे लावले, ते चेहऱ्याला पेलेनात म्हणून भुवया घेतल्या, मग नाकाचा वरचा भाग.

"पण तिची आई? तिला कळलं नाही?"

"तिने नमुन्याचा कागद छातीशी धरला. म्हणाली, हीच."

मालनच्या आईकडे, बाळाबाईकडे, फोन नव्हता, म्हणून बॅनरवर गाळ्याचाच नंबर टाकला होता. आणि फोन येत होते. मुलगी सीवूड्सच्या बस स्टॉपवर दिसली. शाळेच्या ड्रेसमध्ये होती, वेण्यांना निळ्या रिबिनी. मैत्रिणींबरोबर गोळा खात होती. पहिला फोन आला तेव्हा दिनानाथांनीच नावड्याची बस धरून निरोप पोचवला होता. गोळ्याचं ऐकलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

जाईचा हात वेणीकडे गेला.

तेवढ्यात दारात बाळाबाई उभी राहिली. पदराने मान पुसत ती आत आली आणि न सांगता बाकावर बसली. सकाळपासून ती सीवूड्सच्या स्टॉपवर होती. तिथल्या गोळेवाल्याने बॅनर पाहिला होता. त्यानेही हीच मुलगी म्हणून सांगितलं होतं.

"शालंत जाते म्हनं," ती म्हणाली. "कुनीतरी शालंत घातलीय तिला, मास्तर. हासत होती म्हनं. आमचे घरान कवा हासली नाय ती एवरी."

दिनानाथ कीबोर्डवरची धूळ बोटाने गोळा करत राहिले. बाळाबाईने वळून जाईकडे पाहिलं. रिबिनींकडे पाहिलं, तोंडाकडे पाहिलं.

"तुमची पोर काय? शहानी दिसते. माजी मालन तुज्याच वयाची हाय गो. तुज्या शालंत दिसली तं सांगशील ना?"

सभेत शंभर जणांपुढे न अडखळणाऱ्या जाईला साधं हो म्हणता आलं नाही. तिने मान हलवली, ती हो की नाही हे तिचं तिलाही कळलं नाही. बाळाबाईला मात्र ते हो वाटलं. तिने जाईच्या गालावरून हात फिरवला आणि नावड्याची बस चुकेल म्हणून निघून गेली.

"सांगा ना तिला," जाई म्हणाली.

"काय सांगू? आणि हा उतरवून दुसरा कुठला लावू? खरा लावला तर नुसते चौकोन. ते बघून कोण ओळखणार?"

 जाईने स्क्रीनवरची करवली लहान केली, पुन्हा मोठी केली, पुन्हा लहान केली.

घरी जाईच्या आईने, अरुणाने, पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकून घेतलं. काही दिवस एकच वेणी घाल, सेक्टरच्या मागच्या रस्त्याने शाळेत जा, मैत्रिणींनाही सांग, असं तिचं म्हणणं पडलं. फोन आपोआप बंद होतील. त्या बाईला तेवढीच आशा आहे, ती आपण कशाला काढून घ्यायची? दिनानाथांनी मान डोलावली. पानातलं वरण गार झालं होतं, तरी ते कालवतच होते.

जाईने ताट पुढे सरकवलं.

"बॅनर उतरवायचा की नाही ते तुम्ही बघा, बाबा. मी उद्या शाळेत जाणार नाही. नावड्याला जाणार आहे. तुम्ही आलात तर बरं होईल, नाहीतर एकटी जाईन. तिला सांगणार आहे, स्टॉपवर हसत होती ती मी होते."