तांबड्या खडूची फुली

राजरत्नाने मांडणीवरच्या चारही कड्या दुसऱ्यांदा उचलून पाहिल्या. प्रत्येकीच्या बुडाशी ठशाने ठोकलेला आकडा होता: एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. मग त्याने तपासणीची वही उघडली. दसऱ्याच्या दोन दिवस आधीच्या पानावर, त्याच्याच अक्षरात, नाकारलेल्या कड्यांचे आकडे होते: अकरा, सत्तावीस, अठ्ठावीस, सेहेचाळीस. म्हणजे कारखान्यात उरल्या त्या चांगल्या, आणि पाच आठवड्यांपूर्वी परदेशी गेल्या त्या भेगाळलेल्या. हे कळल्यावर आपल्याला काहीतरी व्हायला हवे, असे त्याला वाटले. काही झाले नाही. त्याने वही मिटली आणि हात पुसले.

आळेफाट्याच्या पुढे, गॅरेजांच्या ओळीमागे, रखमाजीशेठचा हा कारखाना. समुद्रात पवनचक्क्या उभारताना त्यांच्या मनोऱ्यांच्या आत लोखंडी सज्जे बसवावे लागतात. क्रेनने सज्जा उचलायचा म्हणजे त्याच्या चार कोपऱ्यांना बोल्टने चार कड्या जोडायच्या आणि सज्जा बसला की त्या काढून घ्यायच्या. त्या कड्या येथे होत. कारखान्यातल्या अकरा माणसांपैकी समुद्र पाहिलेली माणसे दोन होती. राजरत्न माल तपासणारा. कडीच्या वेल्डिंगवर तो तांबडे औषध फासून पुसून घेई आणि वर पांढरी भुकटी मारी. भेग असली तर ती केसाएवढी तांबडी रेघ होऊन उमटे. अशा कडीवर तो तांबड्या खडूने फुली मारी आणि तिला कुलपाच्या जाळीत टाकी.

त्या दिवशी जाळीत झेंडू होता. शेठच्या पिंपळवंडीच्या मळ्यातली फुले दसऱ्याच्या बाजारासाठी क्रेट भरून तेथे सावलीला ठेवली होती. म्हणून राजरत्नाने फुलीच्या चार कड्या मांडणीच्या खालच्या फळीवर ठेवल्या आणि तो बेल्ह्याला घरी गेला. विजयादशमीला विहारात धम्मचक्र प्रवर्तन दिनाची वंदना असे, आणि या वर्षी आईला एकटीने तेथे जाववले नसते. इकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. पूजेला शोभा यावी म्हणून चौसष्टच्या चौसष्ट कड्या आकड्यांच्या क्रमाने एका ओळीत मांडल्या गेल्या आणि प्रत्येकीला हळदकुंकू वाहिले गेले. मागच्या वर्षी मालावर तांबडे-पिवळे डाग असल्याची तक्रार गिऱ्हाईक कंपनीने फोटोंसह पाठवली होती. म्हणून दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, झाडलोट आणि पॅकिंग करणाऱ्या झुंबरबाईने थिनरच्या बोळ्याने एकेक कडी लख्ख पुसली. तांबडे म्हणून जे जे होते, ते सगळे गेले. मागणी साठांची होती; ओळीतल्या पहिल्या साठ खोक्यांत भरल्या. राजरत्न दुपारी आला. मांडणीवर चार कड्या होत्या, खोक्यांत साठ होत्या, आणि आकडे न वाचताच त्याने तपासणीच्या दाखल्यावर सही केली.

आकडे न वाचता त्याने आजवर सही केली नव्हती. पण श्रावणात त्याचा धाकटा भाऊ कपिल शीतगृहाच्या छपरावर पत्रे बसवताना पडून वारला. वर त्याच्यासोबत गावातलाच सोपान होता. ठेकेदार म्हणाला, पाय घसरला. सोपानही म्हणाला, पाय घसरला. राजरत्नाने पुढे काही विचारले नाही. तेव्हापासून, अंगाखाली दबून बधिर झालेला हात जसा आपला असूनही आपला वाटत नाही, तसे त्याचे दिवस होते.

रखमाजीशेठ चहा घेत होते. राजरत्नाने सगळे सांगितले. आवाज चढला नाही की उतरला नाही.

"आज सांगतोस व्हय हे? आज?" शेठ म्हणाले. "ती कंपनीची बाई अकरा वाजता हाटेलात मीटिंग घ्यायला येतीय, आन् तू मला आकडे दाखवतोस!"

"आजच मांडणी पुसायला काढली."

"पाच हप्ते झालं, राजाभाऊ. काय व्हायचं असतं तर झालं असतं."

"झालं नसेल तर अजून व्हायचंय, शेठ. एका सज्ज्याचं वजन दोन टन. खाली माणसं असतात."

"माणसं हितंबी हायेत! अकरा चुली हायेत. झुंबरबाईला कोण सांगणार, तुझ्या बोळ्यापायी कारखाना बसला म्हणून?"

"बोळ्यापायी नाही. जाळीत फुलं होती तुमची. आणि सही माझी आहे."

शेठनी कप खाली ठेवला. "तू आधी असा नव्हतास रं. आधी भांडला तर असतास."

राजरत्नाने वही काखेत मारली.

हॉटेलच्या माडीवर सात लहान कारखान्यांचे मालक आणि तपासनीस जमले होते. कंपनीची सुरक्षा अधिकारी आरती पुण्याहून आली होती. तिने भाषण केले नाही. प्रत्येकापुढे एक छापील कागद ठेवला. त्यावर दोनच रकाने होते: 'काय घडले' आणि 'ते कुठे थांबवता आले असते'.

"इथे कुणाचं नाव लिहायचं नाही," ती म्हणाली. "समुद्रावर अपघात झाला की आम्ही मागे मागे शोधत जातो आणि शेवटी तुमच्यापैकी कुणाच्या तरी दारात येतो. मला अपघाताच्या आधी यायचंय. प्रत्येकाने आपली एक चूक सांगा."

"ताई, आमच्याकडं चूक फक्त घरी व्हती, ती बी बायको काढती तवा," साखळ्या बनवणारा गोकुळ म्हणाला. सगळे हसले. आरतीही हसली, आणि हसणे ओसरेपर्यंत थांबली. पंखा फिरत होता. शेठ टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे पाहत होते.

राजरत्न उठला. त्याने चार आकडे सांगितले. खडू, झेंडू, कुंकू, बोळा, सही, सगळे क्रमाने सांगितले. एखाद्या तिऱ्हाइताचा दाखला वाचून दाखवावा, तसे. आरतीने मध्येच हात वर केला.

"आकडे पुन्हा सांगा. सावकाश."

तिने ते लिहून घेतले आणि फोन घेऊन ती जिन्याकडे गेली. शेठ दबक्या आवाजात म्हणाले, "संपलं." राजरत्न खाली बसला.

ती अर्ध्या तासाने परत आली. मनोरे जोडले जात त्या बंदरावर काम थांबवले होते. साठांपैकी चोवीस कड्या वापरात होत्या, बाकीच्या अजून खोक्यांत. संध्याकाळी तिचा फोन आला: अकरा, सत्तावीस आणि सेहेचाळीस या कड्या खोक्यांत सापडल्या. अठ्ठावीस नंबरने सहा सज्जे उचलून झाले होते. सातवा दुसऱ्या दिवशी सकाळी उचलायचा होता.

"टिकली?" राजरत्नाने विचारले.

"आजपर्यंत टिकली," आरती म्हणाली.

नवे काम तूर्त मिळणार नव्हते. तपासणीची पद्धत बदलून दाखवल्यावर ते पुन्हा सुरू करायचे, एवढे तिने शेठना कबूल केले होते. शेठ दोन दिवस राजरत्नाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः जाळी रिकामी केली आणि किल्ली त्याच्या टेबलावर आणून ठेवली.

चार कड्या महिन्याने परत आल्या. राजरत्नाने अठ्ठावीस नंबरवर औषध फासले, पुसले, भुकटी मारली. वहीत या भेगेची लांबी नखाएवढी नोंदलेली होती. आता ती रेघ वेल्डिंगच्या कडेने अर्ध्याहून अधिक फिरली होती. त्याने गॅस कटर पेटवला आणि चारही कड्यांचे दोन दोन तुकडे केले. नाकारलेला माल आता खडूने खुणावायचा नव्हता, त्याच दिवशी कापायचा होता.

झुंबरबाई तुकडे घमेल्यात भरायला आली. तिला सगळे कळले होते.

"भाऊ, कुणाला लागलं तर न्हाई ना?"

"नाही."

"मंग पुढच्या खंडेनवमीला कुंकू कुटं लावायचं?"

"मशिनींना लावा. मालाला नको."

"बरं." तिने शेवटचा तुकडा घमेल्यात टाकला. "मी इचारायला पायजे व्हतं. फुली दिसली व्हती मला."

ती घमेले घेऊन गेली. मग टेबलाशी येऊन राजरत्नाने मीटिंगमधून आणलेल्या कागदाची दुसरी, कोरी प्रत काढली. पहिल्या रकान्यात त्याने लिहिले: 'कपिल शीतगृहाच्या छपरावरून पडला.' दुसऱ्या रकान्याशी पेन थांबले. त्याने फोन लावला.

"सोपान, राजरत्न बोलतोय."

"बोल ना, भाऊ."

"कपिलचं विचारायचंय."

"भाऊ, सांगितलं व्हतं ना तवा. पाय घसरला त्याचा."

"तो घसरला असेल. सेफ्टीचा पट्टा कुठं अडकवला होता?"

पलीकडे कुणीतरी मोटरसायकल सुरू केली आणि ती दूर गेली. सोपानने फोन ठेवला नाही.

"तुझं नाव लिहायचं नाहीये," राजरत्न म्हणाला. आपला आवाज कापला, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने कागद हाताखाली नीट सरळ केला आणि तो थांबून राहिला.