जुन्या आवृत्तीपुढचा रकाना

थोरली धाकटीला पाण्यात पाहायची, आणि तेही शेजारच्या टेबलावरून. एकाच कंपनीची ऑपरेटिंग सिस्टीम दोघी बहिणी सांभाळत. कोड लिहायला थोरलीनंच शिकवलं होतं. पण कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ना, तसं झालं. नव्या तीन आवृत्त्या धाकटीकडे, टाळ्याही तिलाच. थोरलीच्या वाट्याला सगळ्यात जुनी आवृत्ती, जी आता फक्त इस्पितळांतल्या यंत्रांवर उरली होती.

त्या सकाळी धाकटीच्याच कोडमध्ये खिंडार सापडलं. फाइल झटकन उघडणारा तिचा तो गाजलेला कोड. नेमक्या त्याच वाटेनं परक्या माणसाला आत शिरता येत होतं. दुपारी चारला ग्राहकांना यादी जायची होती: कुठल्या आवृत्त्यांना धोका आहे, कुठल्यांना नाही. ज्यांना धोका, त्यांनी लगेच दुरुस्ती बसवायची.

थोरलीच्या मनात उकळ्या फुटल्या, खोटं कशाला बोला! रडवेल्या तोंडानं यादी भरणारी धाकटी बघून तिला डब्यातली गार भाजीही गोड लागली.

"ताई, तुझी सुटली बघ," धाकटी म्हणाली. "तुझ्या आवृत्तीनंतर दोन वर्षांनी मी हा कोड लिहिला. 'धोका नाही' टाकते."

"जुनं ते सोनं!" साहेब मागून म्हणाले. थोरली हसायला गेली आणि हातातला घास तिनं डब्यात परत ठेवला.

कारण तो कोड जुन्या आवृत्तीत होता. गेल्या वर्षी तिनंच तो गुपचूप उचलून तिथे बसवला होता, धाकटीचं नाव पुसून आपलं घातलं होतं. आवृत्तीचा आकडा तोच राहिला, त्यामुळे यादीवरून कुणाला कळणार नव्हतं. "म्हातारीला पळायला लावलंत की!" साहेब तेव्हा म्हणाले होते. इतक्या वर्षांत तिला मिळालेली ती एकच शाबासकी.

गप्प बसलं की झालं. चूक धाकटीची राहील, शाबासकी हिची. फक्त इस्पितळं निर्धास्त राहतील, आणि रुग्णाच्या उशाशी औषधाचे थेंब सोडणारं यंत्र कुणीही बाहेरून चालवू शकेल.

चाराला दहा कमी असताना ती उठली. मत्सर गेला नव्हता; धाकटीपुढे मान खाली घालावी लागणार म्हणून ती आतून धुमसतच होती.

"त्या रकान्यात 'धोका आहे' लिही. तुझा कोड मी चोरून घातलाय तिथे."

धाकटीनं रकाना बदलला, यादी पाठवली आणि मग खुर्ची वळवली.

"चोरलास ते चोरलास. पण माझी ओळन् ओळ तू तपासायचीस, ताई. एक स्वल्पविराम सोडला नाहीस कधी. हाच का नाही तपासलास? तेव्हाच सापडलं असतं."

थोरलीनं टेबलाची कड घट्ट धरली.

"तुझं चुकेल असं वाटलंच नाही मला."