दोन नंबरचा पंखा

कागदाच्या कारखान्यात तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. फिरत्या यंत्रांवर बसवलेल्या सेन्सरांतून येणारी थरथर पडद्यावर बघायची आणि कुठल्या यंत्राला काय दुखतंय ते सांगायचं, हे तिचं काम. मागे एकदा तिनं चांगला धडधाकट पंप उघडायला लावला होता. तेव्हापासून ती ताकही फुंकून प्यायची.

त्या सकाळी बॉयलरला हवा देणाऱ्या एक नंबरच्या पंख्याचा आलेख बघताना तिच्या मनात पाल चुकचुकली. एकूण थरथर मर्यादेत होती. पण मोठी घरघर गाळून मागे उरलेल्या बारीक किणकिणीचा ताल काढला, तर सारख्या अंतरावर टोकं उभी राहिली. बेअरिंगच्या कड्याला चीर गेली की अशीच टोकं येतात. सांगावं तर पुन्हा हसं होणार, न सांगावं तर पंखाच फुटायचा. शेवटी धीर करून ती मॅनेजरसाहेबांकडे गेली. ते म्हणाले, एक नंबर बंद करू, सगळा भार दोन नंबरवर टाकू; पण या वेळी खात्री आहे ना? ती हो म्हणाली.

बेअरिंग उघडायला गेले ते फिटर म्हणजे तिचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. दोन्ही पंखे एकाच काँक्रीटच्या चौथऱ्यावर होते, मध्ये जेमतेम एक माणूस वाकेल एवढी जागा.

खोलीत परतून तिनं पडद्याकडे पाहिलं. एक नंबर थांबला होता, म्हणजे त्याची रेघ सपाट हवी. टोकं तशीच होती. उलट वाढली होती.

सेन्सर बिघडला की काय? आणि मग तिच्या ध्यानात आलं. ठोके दोन नंबरचे होते, चौथऱ्यातून एक नंबरच्या सेन्सरला पोचत होते. दोन नंबरचा स्वतःचा सेन्सर रंगाच्या जाड थरावर बसवलेला; त्याला धड ऐकूच येत नव्हतं. त्याच पंख्यावर तिनं सगळा भार टाकला होता, आणि दाजी त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

तिनं ऑपरेटरला फोन लावला. तो म्हणाला, बॉयलर बंद पडेल, आधी साहेबांना विचारा.

"साहेबांना मी सांगते. तुम्ही पंखा थांबवा."

तो घुटमळला. तिनं फोन टाकला आणि जिना उतरत पळाली. दाजींच्या कानांत बोळे होते. तिनं सरळ बाही धरून ओढलं. ते वैतागून वळले, तिचा चेहरा पाहिला आणि पाना तिथंच टाकून निघाले. दारापर्यंत पोचतात न पोचतात तोच मागून धातू करकरला, जळक्या ग्रीसचा वास आला. मग पंख्याची घरघर हळूहळू उतरली. ऑपरेटरनं बटण दाबलं होतं.

एक नंबरचं बेअरिंग लख्ख निघालं. दोन नंबरच्या बेअरिंगमधला गोळ्या धरून ठेवणारा पिंजरा तुटून त्या एका बाजूला गोळा झाल्या होत्या, कडं आरपार चिरलं होतं.

"एक नंबरबद्दल मी चुकले, साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी तुटकं कडं हातात फिरवून पाहिलं. नवं कधी बसेल एवढंच विचारलं, आणि सेन्सरांखालचा रंग आजच्या आज खरवडायला सांगितला.

"दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला दिलंस की गं," दाजी म्हणाले. त्यांनी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला आणि हळूच म्हणाले, "ताईला यातलं काही सांगू नकोस."

"सांगणार," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी पेला धरून पाणी प्यायली.