खोटे नाव सांगणारी पाटी

मी एक जुनी सागवानी पाटी आहे, दारावर नाव सांगणारी. मित्रांनो, माझा जीव अजून थाऱ्यावर नाही, तो का ते ऐका.

गिरगावात रामू पेंटरने मला तासून, घासून माझ्यावर अप्पांचे नाव लिहिले. अप्पा कचेरीत कारकून होते. रोज सकाळी ते मला ओल्या फडक्याने पुसत. येणारेजाणारे म्हणत, "काय सुबक पाटी आहे." मी फुगून जात असे. पुढे अप्पा गेले, मुलांनी बिऱ्हाड हलवले आणि मी भंगारात पडले.

तिथून मला एका गोडबोल्या माणसाने उचलले. अप्पांचे नाव खरवडून त्याने 'गुरुदत्त' असे लिहिले. ते त्याचेही नाव नव्हते. मग माझी वणवण सुरू झाली. कोकणात गावी गेलेल्या कुणाची तरी बंद खोली तो हेरायचा, कुलूप बदलायचा, मला दारावर ठोकायचा आणि खोली आपलीच म्हणून दाखवून तिच्या ताब्यासाठी गिऱ्हाइकाकडून पागडीचा बयाणा घेऊन पसार व्हायचा. दादर झाले, परळ झाले. माणसे मला वाचत आणि निर्धास्त होत. मला ओरडावेसे वाटे, पण पाटीला लिहिलेले तेवढेच बोलता येते.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. एका दुपारी शिवाजी पार्कच्या सभेला लालबागची अख्खी चाळ घोषणा देत निघून गेली. हाच मोका साधून त्याने मला दुसऱ्या मजल्यावर ठोकले. गिऱ्हाईक होते गिरणीतला दौलत आणि त्याची बायको लक्ष्मी. भावाच्या खोलीत पडद्याआड त्यांनी नऊ वर्षे काढली होती. लक्ष्मीने हातातल्या पाटल्या मोडून बयाणा जमवला होता.

दौलतने मला वाचले आणि त्याचा हात कनवटीला गेला. मला घाम फुटायचाच बाकी होता.

लक्ष्मी मोरीत डोकावून आली. "दादा, नळाला पाणी किती वाजता येतं?"

"पाणी? दिवसभर असतं की."

चाळीत पाणी पहाटे दोन तास. नंबरावरून रोज भांडणे. इथे राहणाऱ्याला हे ठाऊक नसेल? लक्ष्मीने सरळ शेजारचे दार वाजवले. पाय दुखतात म्हणून सभेला न गेलेली बकुळाबाई बाहेर आली.

"मावशी, हे इथे राहतात?"

"कोण हे? खोली राधाची. ती बाळंतपणाला मालवणला गेलीय. आणि ही पाटी सकाळी नव्हती."

तेवढ्यात तो भामटा जिना उतरून पळाला. दौलतने कनवटीची गाठ पुन्हा घट्ट केली. "पाटी बघून मी पैसे देतच होतो."

"पाटी काय, उद्या कुणी बकरीच्या गळ्यात बांधेल," बकुळाबाई म्हणाली आणि तिने मला उपटून काढले.

दौलतने माझ्यावरून हात फिरवला. "लाकूड चांगला हा. खोली गावली की हीच रंगवून लावूया."

"नको," लक्ष्मी म्हणाली. "तिच्यार आपला नाव लिवला तरी माका रोज संशय येतलो."

मित्रांनो, ते बोलणे मला खिळ्याहून खोल लागले. पण ती चुकली नव्हती. आता मी बकुळाबाईच्या पिंपावर झाकण म्हणून आहे. तुम्ही मोठे व्हाल, घर घ्यायला निघाल. सुबक पाटी, गोड बोलणे, हातात दिलेली पावती यांवर विसंबू नका. खोली कुणाच्या नावावर आहे ते घरमालकाच्या तोंडून ऐका. लक्ष्मी त्या दिवशी पुन्हा पडद्याआड गेली खरी, पण पाटल्यांचे पैसे वाचले होते. तेव्हा संकोच वाटला तरी चालेल, पैसे बाहेर काढण्याआधी शेजारचे दार वाजवा.