तालाला दाद न देणारा हात

थोरला मागे येऊन उभा राहिला, की धाकट्याचा उजवा हात वस्तऱ्यासकट थरथरायचा. न्हाव्याचा हातच फितूर झाला तर गिऱ्हाईक मान पुढे करील कशाला? शेवटी थोरलाच त्याला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. काळजी कसली, त्याला धाकट्याची खुर्ची काढून घ्यायला निमित्त हवं होतं.

बाईंनी धाकट्याला डाव्या हाताने टेबलावर ताल धरायला लावला. उजव्याची थरथर मुकाट्याने त्याच तालावर आली. मग शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, तर ती थांबलीच.

"हे ढोंग नाही हं," बाई म्हणाल्या. "मनावरचा ताण हातात उतरलाय. मेंदू शाबूत आहे, बरे व्हाल. घरच्यांनी फक्त सांभाळून घ्यायचं. दुसरा आजार असता, तर हात मांडीवर निवांत असतानाच हलला असता. अंगठा बोटावर गोळी वळल्यासारखा फिरला असता, आणि तुमच्या तालाला त्याने भीक घातली नसती. तसं दिसलं, तर मात्र औषधाला उशीर करू नये."

थोरल्याने यातलं 'मेंदू शाबूत आहे' एवढंच उचललं आणि दुकानात तमाशा मांडला. गिऱ्हाईक फेस लावून बसलं की तो हाक मारायचा, "ए सोंगाड्या, धर ताल!" धाकटा डाव्या हाताने खुर्चीच्या पाठीवर थापा मारायचा, आणि उजवा हात माकडासारखा नाचायचा. लोक पोट धरून हसायचे. वस्तरा गेला, झाडू आला. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. धाकटा खाली मान घालून केस गोळा करायचा.

एका दुपारी थोरला बाकावर टेकून गप्पा हाणत होता. त्याचा डावा हात मांडीवर पडला होता, आणि अंगठा बोटावर सावकाश फिरत होता. धाकट्याचा झाडू थबकला.

"दादा, तुझाही हात हलतोय की. धर बघू ताल!"

गिऱ्हाइकांना आयतीच करमणूक मिळाली. थोरल्याने हसत हसत उजव्या हाताने बाकावर थापा मारल्या, आधी हळू, मग भरभर. डावा हात आपल्याच चालीने गोळी वळत राहिला.

"बघा!" थोरला गरजला. "माझा हात कुणाच्या तालावर नाचत नाही. दमलाय बिचारा. तुझ्यासारखी नाटकं नाहीत माझी!"

सांगून टाकावं, असं धाकट्याला क्षणभर वाटलं. बाईंचे शब्द अगदी ओठांवर आले होते. मग पायाशी पडलेले केस दिसले, आणि त्याने मिठाची गुळणी धरली.

"खरंय, दादा," तो एवढंच म्हणाला. "तुझी नाटकं नाहीत."

वर्ष सरलं. थोरल्याच्या हातून कंगवा निसटू लागला, सदऱ्याची बटणं लागेनात. धाकट्याने झाडू ठेवून पुन्हा वस्तरा उचलला, आणि गिऱ्हाइकं आपणहून त्याच्या खुर्चीत बसू लागली. त्याचा वस्तरा आता केसभरही हलत नव्हता.

"अरे, त्या बाईंना दाखवून येऊ का?" थोरल्याने एकदा हळूच विचारलं.

"कशाला, दादा? दमलायस तू," धाकटा वस्तरा पुसत म्हणाला. "झाडू घे. तेवढीच हाताला हालचाल."