कापलेल्या सुनीताचे पुस्तक

मित्रांनो, धूळ बसली आहे म्हणून तुम्ही ज्याला हात लावत नाही, असे मी एक जुने पुस्तक आहे. युरोपातल्या प्रबोधनकाळातले कवी माझ्या पोटात आहेत. कोणी इटलीचा, कोणी फ्रान्सचा, बरेचसे इंग्लंडचे. झुरणे हा त्यांचा धंदाच. आणि बढाई केवढी! आमच्या ओळी वाचल्या जातील तोवर आमची प्रिया म्हातारी होणार नाही, असे ते चौदा ओळींच्या सुनीतात ठणकावून सांगतात.

नागपुरात सीताबर्डीवरच्या एका वाचनालयात मी आले, तेव्हा माझी सोनेरी अक्षरे पाहून लोकांनी कौतुक केले आणि मला कपाटात ठेवून दिले. ‘येथेच बसून वाचावे’ अशी चिठ्ठी माझ्यावर होती. बहुतेकांनी ‘वाचूच नये’ असा तिचा अर्थ घेतला.

बहात्तर साली पुष्पलता आली. सक्करदऱ्याच्या वस्तीतून ती पायी यायची. इंग्रजीत एम.ए. करत होती, तिच्या घरात इतके कोणी शिकले नव्हते. ओठातल्या ओठात वाचायची, अडली की ओळीवर बोट ठेवून थांबायची. कवींच्या बढाईला हसायचीसुद्धा. माझे सुखाचे दिवस तेवढेच.

परीक्षेच्या तोंडावर एक सुनीत ‘यंदा येणारच’ अशी हवा उठली. तिच्याच वर्गातला कृष्णकांत खिशात दाढीचे अर्धे ब्लेड घेऊन आला. ते सुनीत त्याला हवे होतेच, पण दुसऱ्या कोणाला मिळू नये हे जास्त हवे होते. त्याने पान कापले. माझ्यात हजारो शब्द होते, पण एकही कामाला आला नाही.

दुसऱ्या दिवशी पुष्पलतेनेच ती जागा ग्रंथपाल दत्तोपंतांना दाखवली.

“रोज तर हे पुस्तक तूच घेऊन बसते,” ते म्हणाले. “मग पान कापायला दुसरं कोण येणार?”

“सर, मी कायले कापू? घरी लाइट नाही, म्हणून तं इथं येते. पान नेऊन अंधारात काय करू?”

दत्तोपंतांनी तिचे सभासदत्व बंद केले. कृष्णकांत शेजारच्या टेबलावर मान खाली घालून वाचत राहिला. ती चप्पल घालून पायऱ्या उतरली. पुढे ती एम.ए. झाली की नाही, मला कळले नाही.

त्यानंतर माझी फार काळजी घेतली गेली, म्हणजे कपाटाला कुलूप लागले. आत मला कसर लागली.

मित्रांनो, पुस्तके जपून वापरा, हे तुम्हाला शाळेत सांगितलेच असेल. गेलेल्या पानाचे मला आता फारसे वाटत नाही. पण मला जपायचे म्हणून एका वाचणाऱ्या मुलीला चोर ठरवले, हे मला सहन होत नाही. पुस्तक जपताना त्याचा वाचक हाकलू नका. तिच्यानंतर मला कोणीही उघडलेले नाही.